रेडिओतली शिट्टी राखल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच आहे, पण चारचौघांनी वाचावं म्हणून उघडं ठेवतेय. ‘नाव घालू नका ताई, लोक माळ्यावरचे रेडिओ काढून दारात आणतील,’ असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव नाही. तपकीर गल्लीतलं रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान, एवढ्यावर भागवते. मला थेरेमिन बनवायला तुम्ही मदत केलीत, त्याचं हे पत्र.

ज्यांना थेरेमिन ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. हे विजेवरचं वाद्य, दिसायला एक पेटी असते. उजवीकडे उभी दांडी, डावीकडे आडवी कडी, आणि वाजवताना दोन्हींना हात लावायचा नाही. दांडीच्या जवळ हात नेला की सूर चढतो, कडीवर तळवा खाली आणला की आवाज बारीक होतो. लेव्ह तेर्मेन या रशियन पदार्थवैज्ञानिकाने १९२० च्या सुमारास ते बनवलं, १९२२ मध्ये लेनिनला वाजवून दाखवलं, आणि १९२९ मध्ये अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीने ते विकायला काढलं. शीळ घालता येते त्या कुणालाही हे वाजवता येईल, अशी जाहिरात होती. धडधडीत थाप! हार्मोनियमला निदान पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. इथे सगळा कारभार हवेत.

मला असलं काहीतरी वाजवायची हौस कुठून लागली, हे घरच्यांना अजून कळलेलं नाही. दिवसभर बँकेत बसायचं आणि रात्री कानाला हेडफोन लावून चित्रविचित्र आवाज ऐकायचे. थेरेमिन स्वतः बनवायचं ठरवलं तेव्हा जिथे जिथे गेले तिथे पहिला प्रश्न एकच, ‘पण याचा उपयोग काय?’ एका दुकानदाराने तर मोबाइलवर ॲप घ्या म्हणून वाटेला लावलं. तुम्ही मात्र वहीतलं सर्किट हातात घेतलंत, चष्मा कपाळावर चढवलात, कागद डोळ्यांशी नेलात आणि म्हणालात, ‘ताई, ही तर रेडिओत नको तेव्हा घुसणारी शिट्टी आहे. आम्ही जन्मभर ही घालवायचे पैसे घेतले.’

मग फळीवरचे तीन ट्रान्झिस्टर खाली आले. दोन तुम्ही मीडियम वेव्हवर सहाशे किलोहर्ट्झच्या आसपास लावलेत आणि त्यांचे आवाज बंद केलेत. तिसऱ्याचा काटा १०५५ वर नेलात. कारण प्रत्येक रेडिओच्या पोटात स्वतःचा एक ऑसिलेटर, म्हणजे लहरी निर्माण करणारं सर्किट, असतो, तो लावलेल्या स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने वर चालतो, आणि त्याची थोडी गळती बाहेरही होते. दोन रेडिओंचे दोन ऑसिलेटर जवळजवळ सारखे झाले की तिसऱ्यात त्यांचा फरक ऐकू येतो. तुम्ही एकाचं मागचं झाकण काढलंत आणि उघड्या गँगवरून, म्हणजे स्टेशन लावायच्या पात्यांवरून, नुसता तळवा फिरवलात. तिसऱ्या रेडिओतून सूर निघाला, चढला, उतरला. समोरच्या दुकानातला पोरगा कॅलक्युलेटर तसाच सोडून बघायला आला. वर्षभर वाचलेलं मला तेव्हा कुठे समजलं.

थेरेमिनमध्ये हेच तर चालतं. एक ऑसिलेटर जागचा हलत नाही, दुसऱ्याला दांडी जोडलेली असते आणि आपला हात त्याची कपॅसिटी, म्हणजे वीज साठवायची क्षमता, किंचित बदलतो. समजा एक ४५५ वर आहे आणि दुसरा ४५५.२७७ वर गेला, तर मधला फरक २७७ हर्ट्झ, म्हणजे काळी एकचा सा. साडेचार लाखांतला तो चिमूटभर फरक आपल्याला गाणं म्हणून ऐकू येतो.

कागदावर हे सोपं आहे. माझी पेटी वाजू लागली तेव्हा मंद्रात उतरलं की सूर अडखळायचा, घशात घास अडकल्यासारखा, आणि मग एकदम गप्प. तुम्ही एकदाच ऐकलंत. दोन ऑसिलेटर फार जवळ आले की एकमेकांना ओढतात आणि एकाच ठिकाणी अडकतात, मग फरकच उरत नाही, म्हणून आवाजही नाही. उपाय तुमच्या हातात होता: कॉइली लांब करून एकमेकींशी काटकोनात बसवल्या, मध्ये पत्र्याचा पडदा घातला, दोघांची सप्लाय वेगवेगळी गाळून दिली. दुसरं दुखणं सरकण्याचं. पेटी तापली की सा हळूहळू जागा सोडायचा. तेव्हा तुम्ही गोळ्यांच्या बरणीतून पारदर्शक, आत चंदेरी गुंडाळी असलेले स्टायरोफ्लेक्स या प्लॅस्टिकचे कंडेन्सर काढलेत. फेराइटची कॉइल तापून एकीकडे जाते, हे तापून दुसरीकडे जातात, दोघांची बरोबरी होते. जुन्या रेडिओंतून काढून कधीपासून जपून ठेवलेले ते तुकडे. त्यांचे पैसे विचारले तर तुम्ही रेडिओचा आवाज वाढवलात.

तेर्मेनची पुढची गोष्ट मी तुम्हाला चहा पिताना सांगितली होती. १९३८ मध्ये तो रशियात परतला, तुरुंगात पडला, आणि कैदेतच सरकारसाठी यंत्रं बनवू लागला. मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला १९४५ मध्ये भेट दिलेल्या, लाकडात कोरलेल्या अमेरिकेच्या राजमुद्रेत त्याचा छुपा मायक्रोफोन होता. त्यात ना सेल, ना वायर. बाहेरून लहरी सोडल्या की तो बोलायचा. १९५२ पर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. तेर्मेनच्या हालअपेष्टांवर मी हळहळत होते, आणि तुमचं पहिलं वाक्य, ‘सेल नाही? मग ट्यून कसा केला असेल?’ मला तेव्हाच कळलं की योग्य माणसाकडे आलेय.

कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर वाजवलं तेव्हा तुम्ही मागच्या खुर्चीत होतात. यमनातली साधी आलापी होती. वाद्य मींडेसाठीच जन्मलंय, एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारायची म्हटली तरी वाटेतला प्रत्येक कण वाजतो. पंचाईत उलटी असते, सूर थांबवायचा कसा. त्यात मुलं पुढे सरकली. त्यांची अंगंही दांडीला हातच वाटतात, त्यामुळे माझा गंधार आपोआप चढायला लागला. तुम्ही उठलात, जमिनीवर खडूने रेघ मारलीत आणि मुलांना दटावलंत, ‘रेघेच्या आत आलात तर बाईंचा सूर बिघडेल, आणि मग मसाला दूध उशिरा.’ असा रंगमंच व्यवस्थापक कुणाला मिळाला असेल?

नंतर कुणीतरी म्हणालंच, भुताच्या सिनेमासारखं वाटतं. या वाद्याला ते लेबल चिकटलंय आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आहे. थेरेमिनवादक क्लारा रॉकमोर ऐका. मूळची व्हायोलिनवादक, हाताच्या दुखण्याने गज सुटला, मग तिने हवेत बोटं मांडण्याची स्वतःची पद्धत बसवली आणि तेर्मेनकडून तीनऐवजी पाच सप्तकांचं वाद्य करून घेतलं. तिच्या हातात भूत कुठेच नाही.

‘हे आपलं नाही’ असंही एक काका म्हणाले. त्यांना तुम्हीच सुनावलंत, की १९५४ च्या ‘नागिन’मधल्या ज्या बिनेवर अख्खा देश डोलला ती बीन नव्हतीच, कल्याणजींनी वाजवलेलं क्लाव्हिओलिन होतं, विजेवरचं वाद्य. मी त्यात भर घातली, १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेने आवाज घडवणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ लावून दिला आणि तिथे आपल्याकडच्या मंडळींनी टेपवर रचना केल्या. ज्यांच्या नावाचं ते यंत्र, त्या रॉबर्ट मोग यांची सुरुवात पोरवयात थेरेमिन बनवण्यापासूनच झाली होती. आपल्या वरातीतला बेंजो तरी काय, टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेलं जपानी वाद्य, त्याला पिकअप लावून आपण भोंग्यावर चढवलं. त्याला परकं म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

काका, दुरुस्तीची बिलं तुम्ही कधी दिली नाहीत, म्हणून हे पत्र. उपयोग काय, हे तुम्ही शेवटपर्यंत विचारलं नाहीत. सूर बसत नाही तेव्हा ‘बसत नाही’ म्हणालात, आणि बसला तेव्हा काहीच न बोलता पुढचा रेडिओ उघडलात. हौशी माणसाला असा श्रोता मिळत नाही हो.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शिट्टीवाली ताई

ता. क. डाव्या कडीतून परत घूं असा हम येतोय, फ्रिज चालू झाला की जास्त. अर्थिंग तपासलं, ठीक आहे. शनिवारी चारनंतर पेटी घेऊन येते. स्टायरोफ्लेक्सची बरणी कुणाला देऊ नका.