पूर ओसरल्यावर उरते ते

सांगली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या जुन्या गाडीचे फोटो पाहिले. आईला रंग आवडला. माझे लक्ष मात्र आधी नंबरप्लेटवर गेले. २०१७ चे मॉडेल आणि एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात आणि कृष्णेचे आपल्याकडे शिरले, तेव्हा ही गाडी दोन वर्षांची होती. ती पाण्यात होती असे मी म्हणत नाही. परंतु विकणाऱ्याशी तुझे बोलणे अजून चालू आहे आणि गाडी नुकतीच हाती आली आहे, तेव्हा शंका फेडून घ्यायची ती याच आठवड्यात. सहा महिन्यांनी दोष सापडला तर तो कोणाच्या काळातला हे कोणीही मान्य करणार नाही.

२००५ च्या पुरानंतर वर्षभराने आपण एक जुनी गाडी घेतली होती, ती तुला आठवत नसेल. आत सुगंध इतका होता की मला ती टापटिपीची खूण वाटली. पुढे पावसाळ्यात दिवे आपोआप लुकलुकू लागले, काचा मध्येच अडकू लागल्या, आणि मिस्त्रीने कार्पेट उचलले तेव्हा खाली सुकलेल्या काळ्या गाळाचा पापुद्रा निघाला.

म्हणून वासाने सुरुवात कर. काचा बंद ठेवून दहा मिनिटे एसी लाव, मग हीटर लाव, आणि कुबट वास येतो का ते पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ; धुणारा माणूस सगळे धुतो, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावरची मातकट रेघ अनेकदा तशीच राहते. स्टेपनी काढून तिच्या खालचा खळगा आणि सीटच्या रुळांवरचा गंज पाहा. खरी साक्ष वायरच्या जोडांची असते. ड्रायव्हरच्या पायाशी असलेले प्लास्टिकचे पॅनेल मिस्त्रीकडून उघडून घे. जोडांवर हिरवट बुरा असेल तर पाणी तिथवर पोहोचले होते असे धरून चाल. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो मुळी लागतच नसेल तर ते न विझण्याइतकेच वाईट, कारण काही जण दोष झाकण्यासाठी तो दिवाच निकामी करून ठेवतात.

इंजिन तपासायचे ते पहाटे, रात्रभर उभे राहिल्यानंतर. विकणारे गाडी आधीच गरम करून ठेवतात, हे तू पाहायला गेलीस तेव्हाही घडले असेल. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर तेलात पाणी मिसळत असण्याची शक्यता असते. मात्र रोज जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडासा चिकटा थंडीतही धरतो, म्हणून लगेच घाबरू नकोस, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, कमी होते का ते आठवडाभर पाहा. गरम इंजिनवर रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नकोस. सुरू करताना निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळत आहे असे समज. टायरच्या बाजूवर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. टायर मूळचेच असतील तर नक्षी कितीही खोल दिसली तरी ते बदलायचे आहेत, पैसे मी देतो.

कागदांचे थोडक्यात. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याच असतील. आरसी तुझ्या नावावर करण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत आणि विम्याचा चौदा दिवसांच्या आत करायचा असतो. थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचे, संरक्षण गाडीबरोबर येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई पॉलिसी तुझ्या नावावर होईपर्यंत धरू नकोस. जुन्या मालकाच्या विमा कंपनीकडे २०१९ मध्ये दावा झाला होता का, हे त्यालाच स्पष्ट विचार. उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ लक्षात ठेव.

शनिवारी सकाळी मला व्हिडिओ कॉल कर, आणि तोवर गाडी सुरू करू नकोस. टॉर्च जवळ ठेव, स्टेपनी आधीच काढून ठेव.

तुझे,
बाबा