विषय : पेंडुलम राईडचे न बसणारे लॉक आणि तक्रार नोंदवून घेण्यास दिलेला नकार

प्रति,
महाव्यवस्थापक, सुरक्षा व देखभाल विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी बोलणे झाल्यावर पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी देत आहे.

गेल्या रविवारी तुमच्या कोल्हापूरच्या मनोरंजन उद्यानात पेंडुलम राईडवर, म्हणजे त्या मोठ्या झोपाळ्यावर, माझ्या पुतणीच्या आसनाचा हार्नेस (बसलेल्याला जखडून ठेवणारा सुरक्षा-दांडा) खाली ओढूनही अडकत नव्हता. ऑपरेटरने तो आपटून पाहिला, मग नायलॉनचा पट्टा आवळला आणि पॅनेलवर त्या आसनाचा लाल दिवा लागलेला असतानाच बटण दाबले. झोपाळा हलला. मी आणि रांगेतल्या लोकांनी आरडाओरडा केला म्हणून तो थांबला. हार्नेस बंद झाल्याचा संकेत मिळाल्याशिवाय मोटर सुरू होता कामा नये, हे तुम्हाला ठाऊकच आहे; ती सुरू झाली, म्हणजे तो संकेत देणारा सेन्सर बायपास करून, म्हणजे वगळून, ठेवलेला आहे.

मी शिवाजी उद्यमनगरात यंत्रकाम करतो, त्यामुळे पुतणीला उतरवून घेताना जे दिसले ते मला कळते. हार्नेसच्या बिजागरीत कॉटर पिनच्या (जोड निसटू नये म्हणून घालतात त्या दुमडत्या पिनेच्या) जागी तार पिळून बसवली होती आणि भुजेच्या वेल्डिंगलगत नव्या रंगातून गंजाचे ओघळ बाहेर आले होते. कोल्हापूरच्या पावसात उभ्या असलेल्या लोखंडाला नुसता रंग देणे ही देखभाल नव्हे. रंगाने तडा बुजत नाही, फक्त दिसेनासा होतो. क्षणाक्षणाला उलटसुलट भार घेणाऱ्या वेल्डिंगमधला तडा डोळ्यांना दिसण्याआधीच वाढत असतो, म्हणूनच डाय पेनेट्रंट (रंगीत द्रवाने बारीक तडा दाखवणारी) किंवा अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतला तडा शोधणारी) चाचणी करायची असते.

आता आजच्या फोनविषयी. सगळे ऐकून घेतल्यावर तुमच्या प्रतिनिधीने विचारले, “मुलीला इजा काय झाली?” मी म्हणालो, इजा झाली नाही, कारण राईड थांबवली. त्यावर त्या म्हणाल्या, “मग तक्रार कशी घेऊ, सर? इजेचा प्रकार भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.” मी म्हणालो, लॉक बसत नाही हीच तक्रार आहे, तसे लिहा. त्यांनी कुणाला तरी विचारले, मला बराच वेळ होल्डवर ठेवले आणि परत येऊन सांगितले, “तसा पर्याय नाही. भीती वाटत असेल तर पुढच्या वेळी मुलांच्या राईडवर बसवा, आम्ही एक मोफत पास देतो.” ज्या उद्यानात मुलीचे लॉक बसले नाही, त्याच उद्यानाचा पास! शेवटच्या तपासणीचा अहवाल मागितला, तर तो अंतर्गत कागद असल्याचे उत्तर मिळाले. कुणीतरी पडल्याखेरीज तुमच्याकडे तक्रारच नोंदवता येत नसेल, तर ती व्यवस्था कुणासाठी आहे, हे तुम्ही स्वतः सांगावे.

14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरिया येथे अशीच पेंडुलम राईड चालू असताना तुटली आणि दोघांचा जीव गेला. सप्टेंबर 2022 मध्ये मोहालीच्या जत्रेत टॉवर राईड उंचावरून खाली आदळली आणि अनेक जण जखमी झाले. हे तुमच्याच व्यवसायात घडलेले आहे, आणि तरीही तुमच्या उद्यानात लाल दिव्यावर राईड चालवली जाते.

तुमच्या उद्यानाचे नाव ऐकून आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना हौसेने तिथे आणत होतो. तो विश्वास आता राहिलेला नाही.

ही राईड तात्काळ बंद करावी. सेन्सर यंत्रणा, हार्नेस आणि वेल्डिंगची तपासणी तुमच्या कंत्राटदाराकडून नव्हे, तर बाहेरच्या सक्षम अभियंत्याकडून करून घ्यावी, आणि त्या अहवालासह रविवारच्या दैनंदिन तपासणी नोंदवहीची प्रत मला द्यावी. इजा नसतानाही लॉकची तक्रार लेखी नोंदवून तिचा क्रमांक कळवावा. सात दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि राईड थांबवण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज देणार आहे. त्या दिवशी काढलेले फोटो आणि तिकिटे दोन्ही अर्जांना जोडली जातील.

एक ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर