कास पठार व बारा मोटांची विहीर : छायाचित्रण सहलीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी कास पठार आणि पुण्याकडे परतताना लिंब गावातील बारा मोटांची विहीर, अशी एकदिवसीय सहल ठरली आहे. कासला फुलांच्या हंगामात प्रवेशासाठी आधी आरक्षण करावे लागत असल्याने नावे गुरुवारपर्यंत द्यावीत.

पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत हे पठार असून तेथे जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो. म्हणून सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या चिमुकल्या वनस्पती टिपण्यासाठी फुलांत आडवे न होता पायवाटेवरूनच लांब पल्ल्याची लेन्स वापरावी. दवबिंदूला चिकटलेला कीटक दयेपोटीही सोडवू नये, कारण ते त्या वनस्पतीचे अन्न आहे. बेडूक-सरड्यांच्या छायाचित्रांसाठी दगड उलटू नयेत.

लिंबची विहीर अठराव्या शतकातील, अष्टकोनी आणि खोल आहे. आतील महाल व कमानी अंधाऱ्या असल्याने ट्रायपॉड जरूर आणावा, मात्र तो पायऱ्यांवर वाट अडवून उभा करू नये. काठावर बसून सेल्फी काढण्यास सक्त मनाई आहे.