सी-आर्म बंद असताना घोट्याची शस्त्रक्रिया

महोदय,
श्रावणात आई न्हाणीत घसरली. उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. तालुक्याच्या रुग्णालयात सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे पडद्यावर दाखवणारं यंत्र, बंद होता, तरी प्लेट-स्क्रू बसवले. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत एक स्क्रू थेट सांध्यात घुसलेला दिसला. जिल्ह्याच्या ठिकाणी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. तिथल्या डॉक्टरांनी टाके घालण्याआधी पाऊल साधारण १५ अंश आत वळवून सांध्याची फट सगळीकडे सारखी आहे ना, हे पडद्यावर पाहिलं. सांध्यातलं हाड १ मिलिमीटर बाहेर सरकलं तरी हाडं एकमेकांना टेकण्याची जागा सुमारे ४२ टक्क्यांनी घटते, हे १९७६ मध्येच प्रयोगातून दिसलंय. इथे हाताचा अंदाज कसा पुरेल? यंत्र दुरुस्त होईपर्यंत असे रुग्ण पुढे पाठवा. आई सत्तरीची आहे. दोनदा भूल सोसली तिने.

– आपली एक वाचक