पुन्हा एका गोलाने

प्रिय मित्रा,

लेकीची टीम जिंकते की नाही, असं तू विचारलं होतंस. नाही जिंकत. पण धड हरतही नाही रे! १-०, २-१, परत १-०, मग ३-२. ४-० ने हरणाऱ्या टीमचे आईबाप हाफटाइमलाच मनाने घरी पोचलेले असतात. कडेला उभे राहून निवांत गप्पा मारतात, मोबाइल बघतात. मला त्यांचा हेवा वाटतो. आमचा जीव मात्र शेवटची शिट्टी होईपर्यंत टांगणीला.

त्यात आमची कन्या गोलकीपर. (हे तिच्या कीपर काकाकडून, म्हणजे तुझ्याकडून आलं असणार, माझ्याकडून नक्की नाही.) तेरा वर्षांची पोर आणि गोल मोठ्यांचा, ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. उडी मारली तरी तिची बोटं बारला टेकत नाहीत. समोरच्या टीममधल्या एखाद्या हुशार मुलीने लांबून उंच बॉल सोडला, की तो हिच्या डोक्यावरून आत. हिला तो येताना दिसतो, कुठे पडणार तेही कळतं, पण हात पोचत नाही. उंची वाढेपर्यंत त्यावर काही इलाज नाही. तरी आमच्यापैकी कुणीतरी ‘अरे, साधा बॉल होता!’ म्हणतंच.

बहुतेक सामने शेवटच्या दहा मिनिटांत हातचे जातात. आता मी बॉलकडे कमी आणि आमच्या डिफेन्सकडे जास्त बघतो. बरोबरी असली किंवा एका गोलाची आघाडी असली, की पोरी नकळत मागे सरकायला लागतात. सर ओरडत असतात, ‘वर या, वर या,’ पण पाय ऐकत नाहीत. मग बॉल मिळाला की नुसता लांब भिरकावून द्यायचा. पुढे तो घ्यायला आपलं कुणीच नसतं, त्यामुळे लगेच उलटा येतो. कॉर्नरवर कॉर्नर. दमलेल्या पोरींपैकी कुणाची तरी मार्किंग सुटते आणि गोल होतो. चूक साखळीने झालेली असते, पण जाळीतून बॉल काढायला एकटी कीपर वाकते, आणि लोकांना तेवढंच दिसतं.

या खेळाचा हिशोबच असा निर्दयी आहे. २०२२ च्या वर्ल्ड कपात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. म्हणजे जगातल्या सगळ्यात चांगल्या टीम्स, तरी एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून तीनसुद्धा नाहीत. क्रिकेटमध्ये कॅच सुटला तरी तोच बॅट्समन पुढच्या ओव्हरमध्ये बाद होऊ शकतो, भरपाईला जागा असते. इथे कुणाच्या तरी नडगीला लागून बॉल वळला, की तोच निकाल. एवढं कळत असूनही सामना संपल्यावर आम्ही मोठी माणसं गुन्हेगार शोधत बसतो. रेफ्री, सर, ऊन, नाहीतर कुणाची तरी मुलगी. सामना चालू असताना तर विचारूच नकोस. कॉर्नर आला, की एक बाबा ओरडतात ‘बाहेर ये!’ आणि त्याच क्षणी दुसरी आई, ‘लाइन सोडू नकोस!’ पोरीने ऐकायचं कुणाचं? मी तोंड मिटून उभा असतो. शहाणा आहे म्हणून नव्हे, दातखीळच बसते.

परवा तर पेनल्टी शूटआउटपर्यंत गेलं. अकरा मीटरवरून बॉल. ताशी सत्तर किलोमीटरने आला असं धरलं, तरी हातात अर्ध्या सेकंदापेक्षा जरासाच जास्त वेळ. एक हिने चक्क अडवली! आम्ही नाचायला लागलो आणि रेफ्रीने किक परत घ्यायला लावली. किक मारताना कीपरचा एक तरी पाय लाइनवर किंवा लाइनच्या सरळ रेषेत हवा ना, हिचे दोन्ही पुढे आले होते. दुसऱ्या वेळी गोल. आमच्या बाजूने जो काही गदारोळ झाला, त्याची मला लाज वाटली. रात्री मी हळूच विषय काढला, तर ही म्हणते, ‘रेफ्री बरोबर होते बाबा, मी लवकर निघाले.’ आणि जेवायला लागली. माझा घास मात्र हातातच.

तुझ्या लाडक्या ओलिव्हर कानची, त्या जर्मन गोलकीपरची, गोष्ट मी तिला सांगितली. १९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल, त्याची बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून १-० ने पुढे, आणि भरपाईच्या वेळेत मँचेस्टर युनायटेडने दोन गोल घातले. दोन्ही कॉर्नरवरून! मला वाटलं, तिला धीर येईल. मी पुढे २००१ सांगणार होतो, त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये व्हॅलेन्सियाविरुद्ध शूटआउटमध्ये त्याने तीन किक अडवून कप जिंकून दिला ते. पण तिला त्यात रस नव्हता. ‘त्या कॉर्नरना तो बाहेर आला होता का?’ एवढंच विचारलं. मला आठवेना. २००२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये त्याच्या हातून ब्राझीलच्या रिवाल्डोचा शॉट सुटला आणि रोनाल्डोने रिबाउंडवर गोल केला, हे तिने स्वतःच शोधून बघितलं. आधीच्या सहा सामन्यांत मिळून एकच गोल खाल्लेला माणूस! ती म्हणाली, बॉल छातीशी ओढायला हवा होता.

‘थोडक्यात गेलं गं’ म्हटलेलं तिला अजिबात खपत नाही. थोडक्यात म्हणजे किती, ते तिला नेमकं माहीत असतं. ३-२ च्या सामन्यातला शेवटचा गोल तिने ‘माझा!’ अशी हाक दिली नाही म्हणून झाला. स्टॉपरला (मधल्या डिफेंडरला) वाटलं कीपर घेईल, कीपरला वाटलं स्टॉपर घेईल. आता ती घरभर ‘माझा!’ ओरडत फिरते. शेजारी बिचारे काय समजत असतील कोण जाणे.

तर मुद्द्याचं. पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच टीमशी गाठ आहे, जिने आम्हाला पहिल्यांदा १-० ने हरवलं. त्यांचे कॉर्नर जवळच्या खांबावर येतात आणि हिला बाहेर कधी निघायचं ते उमगत नाही. मी पडलो जन्माचा लेफ्ट बॅक, माझं ती कशाला ऐकेल? तू एकदा फोन कर. पाऊल कुठे ठेवायचं, कुठला बॉल हातात घ्यायचा, कुठला मुठीने उडवायचा, ते काकाकडूनच ऐकायचंय तिला. बुधवार-गुरुवारकडे कर. सामन्याच्या आदल्या रात्री नको, तेव्हा ती आमच्याशीसुद्धा बोलत नाही.

तुझा,
जुना लेफ्ट बॅक