स्मार्ट पॅनेल बघायला की वापरायला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमुक शाळेला स्मार्ट पॅनेल (वर्गातला, बोटाने चालणारा मोठा पडदा) मिळाले, तमुक मान्यवरांनी फीत कापली, अशा बातम्या हल्ली आपल्या अंकात वरचेवर असतात. आनंदच आहे. पण त्या पॅनेलवर नंतर काय चालते, हे कुणी छापत नाही. बऱ्याच वर्गांत तयार व्हिडिओ लागतो, मुले बघत बसतात आणि ‘समजलं का?’ म्हटले की एका सुरात ‘हो’!

भूमितीचेच बघा. त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर काढलेले लंब, एका बिंदूत मिळतात; तो शिरोलंबसंपात. आम्ही शिक्षक खडूने त्रिकोण काढतो तो नेहमी लघुकोन, पाया आडवा. त्यामुळे शिरोलंबसंपात त्रिकोणाच्या आतच असतो, अशी मुलांची पक्की समजूत होऊन बसते. जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर शाळांना फुकट मिळते आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. त्यात एक शिरोबिंदू बोटाने ओढत गेले की संपातबिंदू सरकू लागतो. काटकोन होताच तो थेट त्या कोनावर येऊन बसतो, विशालकोन झाला की बाहेर पडतो. मात्र ओढण्याआधी ‘आता बिंदू कुठे जाईल?’ असे विचारून प्रत्येकाला वहीत खूण करायला लावायची. खूण चुकलेली मुले सहजासहजी हार मानत नाहीत, भांडतात, गुण्या घेऊन स्वतः आकृती काढून बघतात. तास रंगतो तो इथे. त्यात पॅनेल दहा मिनिटेही लागत नाही. उरलेला वेळ ते बंदच बरे.

मध्यगासंपात, म्हणजे शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याला जोडणाऱ्या तीन रेषा मिळतात तो बिंदू, शिकवायला तर पॅनेल हवेच कशाला? पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून त्या बिंदूखाली पेन्सिलीचे टोक धरले की तो तोलून राहतो. ते मुलाने आपल्या हाताने करावे, पडद्यावर बघू नये.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जि. प. शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड (फोनने टिपले की धड्याचा व्हिडिओ वगैरे उघडणारे चौकोनी ठसे) घरोघरी माहीत झाले. सुरुवात झाली होती ती एका शिक्षकाने आपल्या वर्गाची गरज ओळखून. आता कोड पुस्तकात आहेत, पण घरातला एकुलता फोन वडिलांच्या खिशात असतो आणि ते संध्याकाळी उशिरा येतात. वर्गात शिक्षकानेच त्यातले निवडून काही दाखवले तर उपयोग.

प्रशिक्षणे मात्र बहुधा यंत्र चालू-बंद करण्यावरच उरकतात. त्यापेक्षा केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत दर वेळी एका शिक्षकाने एकच घटक सर्वांसमोर शिकवून दाखवावा. तपासणीच्या नमुन्यात ‘पॅनेल आहे का?’ या रकान्याऐवजी ‘या महिन्यात कोणत्या घटकासाठी वापरले आणि मुलांनी त्यावर काय केले?’ असा रकाना असावा. आणि खरेदीबरोबरच दुरुस्तीची व वीजबिलाची तरतूदही व्हावी, एवढी शिक्षण विभागाला विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, बार्शी (जि. सोलापूर)