सफारीच्या पैशातून गावच्या कुत्र्यांनाही लस टोचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून आमच्या नागझिरा अभयारण्यात सोडल्या, पुढच्या वर्षी तिसरी आली. तेव्हापासून आमच्या भागात सफारीचीच चर्चा आहे. कोणत्या गेटवर किती जिप्सी, कोणाचा होमस्टे, कोणत्या गावची पोरं गाइड. ही चर्चा व्हायलाच हवी, गावात त्यातून चार पैसे येतात. पण जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या ढोरांचा आणि कुत्र्यांचा विषय तिच्यात कधी येत नाही. माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून गोंदिया जिल्ह्यात, याच जंगलाच्या काठाने गेली. निवृत्तीनंतर टांझानियात तंबूत राहून सफारी करायचा योग आला. जे काम आयुष्यभर केलं त्याचा वाघ-सिंहांशी किती जवळचा संबंध आहे, ते तिथे डोळ्यांनी पाहिलं. पत्र जरा लांबलं तरी छापावं, ही विनंती.

धाकटा मुलगा नोकरीनिमित्त आरुषा शहरात असतो. त्याने मला आणि सौ.ला फेब्रुवारीत बोलावून घेतलं. लॉजचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून सार्वजनिक कॅम्पसाइटवर मुक्काम करायचं ठरलं. छप्पर वर उचलता येणारी लँड क्रूझर, एक चालक-गाइड, एक स्वयंपाकी, आणि गाडीत तंबू, गाद्या, गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन. सेरेंगेटीत परदेशी माणसाला उद्यानाचं एका दिवसाचं शुल्कच ७० डॉलरच्या वर आहे, तंबू टाकायचे पैसे वेगळे.

पहिला मुक्काम गोरोंगोरोच्या ज्वालामुखीच्या काठावर होता. उंची २,३०० मीटरच्या आसपास, आमच्यासारख्या धानपट्ट्यातल्या माणसाला गोठवणारी थंडी. सकाळी धुकं वर गेलं की खाली सुमारे ६०० मीटर खोल तो प्रचंड वाडगा दिसतो. त्याचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे, मी करत नाही.

माझं लक्ष रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या मसाई लोकांच्या गाईंवर होतं. गोरोंगोरो हे राष्ट्रीय उद्यान नाही. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून बाहेर काढलेल्या मसाईंना गुरांसह राहता यावं म्हणून हा भाग वेगळा केला. आता तिथूनही त्यांना दूर मसोमेरा गावाकडे हलवणं चालू आहे आणि त्यावरून मोठा वाद आहे. नवेगावच्या जंगलातून गावं उठताना आम्ही पाहिलेली आहेत, त्यामुळे मन तिकडे ओढलं गेलं. गाडी थांबली तेव्हा मी एका गुराख्याच्या परवानगीने त्याच्या गाईचा कान उलटून पाहिला. आतल्या बाजूला गोचीड होते, पण थोडे. वशिंडाची, आखूड शिंगांची गाय, अंगाने आपल्या गावरान गाईएवढीच.

त्या गुराख्याने चालकामार्फत सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. विल्डबीस्ट (तिथलं गाईसारखं दिसणारं, कळपाने राहणारं हरीण) व्यायला लागले की मसाई आपल्या गाई त्या कुरणावर नेत नाहीत, गवत कितीही चांगलं असो. विल्डबीस्टच्या नवजात वासरांकडून गाईंना एक जीवघेणा ताप येतो. वासरांना स्वतःला त्याचं काही होत नाही, गाय मात्र वाचत नाही. त्याचा विषाणू शास्त्रज्ञांनी नंतर शोधला, गुराखी त्याच्या कितीतरी आधीपासून ते महिने टाळत आले आहेत.

पुढे न्दुतूच्या आखूड गवताच्या माळावर ते वेत पाहायला मिळालं. नजर जाईल तिथपर्यंत करड्या पाठी. जन्मणाऱ्या वासरांपैकी बहुतेक दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, त्यामुळे तरसं नि सिंह खाऊन खाऊन किती खाणार! गाडीपासून पन्नास पावलांवर एक मादी खाली बसली, उठली, पुन्हा बसली. पिवळसर तांबूस वासरू बाहेर पडलं आणि आईची वार पडायच्या आत चार पायांवर उभं राहून धडपडत पळूही लागलं. आपल्या गाईचं वासरू उभं राहायला अर्धा-पाऊण तास सहज घेतं. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. व्यालेल्या गाईला खनिज मिश्रण चारा, असं मी गावोगाव सांगत फिरलो. त्या माद्या नेमक्या त्याच गवतासाठी दरवर्षी तिथे येतात.

आता मुद्द्याचं. आज सेरेंगेटीत तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आहेत, म्हणून जग ते पाहायला जातं. १९६१ च्या सुमारास ते अडीच लाखच होते. कारण होतं बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ. हा रोग १८८० च्या दशकाच्या अखेरीस बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर पूर्व आफ्रिकेत शिरला. ती गुरं भारतातली होती असंही मानतात. मसाईंच्या गाई आडव्या झाल्या, माणसं उपाशी मेली, आणि रानातले विल्डबीस्ट नि रानम्हशी पुढची कित्येक दशकं दरवर्षी मरत राहिल्या, विशेषतः वर्षभराची वासरं. मग भोवतालच्या गावांतल्या गाईंना लस टोचली गेली. रानातल्या एकाही विल्डबीस्टला सुई लागली नाही, तरी १९६३ च्या सुमारास रोग त्यांच्यातून नाहीसा झाला आणि १९७७ पर्यंत संख्या तेरा लाखांवर गेली. कॅम्पवर शेकोटीपाशी हे बोलणं चाललं असताना मला माझे नोकरीचे पहिले दिवस आठवले. बर्फाचा थर्मास सायकलला बांधून सकाळी आखरावर, म्हणजे गावची ढोरं जमतात त्या जागी पोहोचायचं, गायकी (गुराखी) ढोरं सोडायच्या आत टोचणी उरकायची. बुळकांडीचा भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. २००६ मध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला, २०११ मध्ये सगळं जग. आपल्याकडेही १९६८ मध्ये बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलात बुळकांडीने गवे मेले होते. तेव्हा आखरावरच्या त्या टोचणीने नागझिऱ्यातले गवेही राखले, असं मी आज छातीठोकपणे म्हणतो.

सेरेंगेटीतल्या सेरोनेराचा मुक्काम या पत्राशी सर्वांत जास्त जोडलेला आहे. त्या कॅम्पसाइटला कुंपण नाही. छत्रीसारखी बाभळीची झाडं, शौचालयं, आणि जाळी लावलेली स्वयंपाकाची शेड. जाळी त्या शेडला आहे, तंबूंना नाही. नियम साधे पण कडक. अंधार पडल्यावर तंबूची चेन पूर्ण लावायची. बाहेर जायची वेळ आलीच तर आधी बॅटरी चारही बाजूंना फिरवायची, डोळे चमकले तर आतच थांबायचं. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, तरसं उचलून नेतात. खाण्याचा कणही तंबूत नको. सौ.ने घरून जवसाची चटणी नेली होती, तो डबासुद्धा रात्री गाडीत बंद करावा लागला.

मध्यरात्रीनंतर तंबूच्या कापडाला लागून रानम्हैस चरत होती. गवत तोडल्याचा करकर आवाज, मग थांबून नाकाने सोडलेला जड श्वास. आयुष्य गोठ्यांत गेल्यामुळे तो आवाज मला लगेच कळला, सौ.लाही कळला. आम्ही दोघंही हललो नाही. दूर सिंह गरजत होता आणि तरसांची ती वर चढत जाणारी हाक एकामागून एक येत होती. पण मी बराच वेळ आणखी एक आवाज शोधत होतो, आणि तो कुठेच नव्हता. कुत्र्याचं भुंकणं. आमच्या गावात बिबट्या आला की आधी टोकाच्या घरचं कुत्रं सांगतं, मग सगळी आळी सांगते. सकाळी चालकाला विचारलं. तो म्हणाला, उद्यानात पाळीव जनावर आणायला बंदी आहे, आणि १९९४ नंतर तर कुत्र्याचं नाव काढलं की आमचे लोक सावध होतात.

१९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक हजार सिंह मेले, म्हणजे तीन सिंहांमागे एक. रोग होता कॅनाइन डिस्टेंपर, कुत्र्यांचा. भोवतालच्या गावांत हजारो कुत्री, त्यांच्यातून तो तरसांत आणि सिंहांत गेला असावा असं तज्ज्ञांचं मत आहे. त्यात आदल्या वर्षी दुष्काळ पडलेला. अशक्त रानम्हशी गोचिडांनी भरलेल्या, त्या खाऊन सिंहांच्या रक्तात गोचिडाचा ताप वाढलेला, आणि वरून डिस्टेंपर. दोन्ही एकत्र आले म्हणून इतके मेले. त्यानंतर उद्यानाभोवतीच्या गावांत कुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीजच्या लशी द्यायचं काम सुरू झालं.

हे आफ्रिकेतलं, आपल्याला काय, असं कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात तीनेक आठवड्यांत २३ सिंह मेले. त्यांतल्या काहींत हाच डिस्टेंपर सापडला, काहींत गोचिडाचा तापही. धावपळ करून अमेरिकेतून लस मागवावी लागली. नागझिऱ्यात वाघ, बिबट तर आहेतच, आणि रानकुत्र्यांसाठी हे जंगल ओळखलं जातं. ती तर कुत्र्याच्याच कुळातली, रोग लागायला काहीच आडकाठी नाही.

संसर्ग कसा पोहोचतो ते गावात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. बिबट्या गावाच्या कडेचं कुत्रं उचलतो. वाघाने रानात गाय मारली की दुसऱ्या दिवशी दुपारी गावची कुत्री त्याच मढ्यावर असतात, रात्री वाघ परत त्याच मढ्यावर येतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेतातल्या धानाच्या पुंजण्याच्या (रचून ठेवलेल्या ढिगाच्या) उबेला एक कुत्री पडलेली दिसली. डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट पू, तळपाय कडक झालेले, आणि जबडा सारखा चावल्यासारखा हलत होता. लोक म्हणाले पिसाळली आहे, मारा. माझ्या अनुभवाने ती डिस्टेंपरची लक्षणं होती. तिसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. मेली असेल, किंवा कोणी ओढून नेली असेल. तिथून जंगलाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. मी जवळच्या दवाखान्यात कळवलं, तिथलं पद रिकामं होतं, आणि कुत्र्याच्या या लशीची तर मागणीच कधी कोणी केली नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात १९९१ च्या दुरुस्तीने कलम ३३-अ आलं. अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पशुधनाला संसर्गजन्य रोगांच्या लशी द्यायची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकांवर टाकली आहे. पण त्याच कायद्यातल्या पशुधनाच्या यादीत गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कोंबडीसुद्धा आहे, कुत्रा नाही. पशुसंवर्धनाच्या कामातही ढोरांच्या घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांची टोचणी ठरलेली असते, गावच्या बेवारशी कुत्र्याचा धनी कोण हे ठरलेलं नसतं. म्हणून ते दोन खात्यांच्या मधे राहतं.

कुत्र्यांना लस दिली की प्रश्न मिटला, असं मी म्हणत नाही. सेरेंगेटीतल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की कुत्र्यांत लस दिल्यावरही सिंहांत डिस्टेंपर अधूनमधून येत राहिला, कारण इतर रानटी प्राणीही तो बाळगतात. तरी गावची बाजू आपल्या हातात आहे. आणि रेबीजच्या बाबतीत तर हिशेब सरळ आहे. दरवर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, आणि त्यात आमची लेकरंही वाचतात. काही ठिकाणी एखादं शिबिर होतं, फोटो निघतात. पण कुत्री दरवर्षी नवी पिल्लं देतात. आईच्या दुधातून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे लहान पिल्लाला एक टोचणी पुरत नाही, दुसरी-तिसरी द्यावी लागते. एकदाच घेतलेल्या शिबिराचा उपयोग पुढच्या हिवाळ्यापर्यंतही टिकत नाही.

माझी मागणी अशी. सफारीच्या प्रवेश शुल्कातला ठरावीक हिस्सा दरवर्षी याच कामासाठी बाजूला काढावा, आणि तो पावतीवर छापावा. मला ७० डॉलर देताना दुःख झालं नाही, नागपूर-पुण्याहून येणाऱ्या पर्यटकालाही थोडे रुपये जड होणार नाहीत. वनविभाग आणि पशुसंवर्धन विभागाने पाच किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक गावाची कुत्र्यांची नोंदवही एकत्र ठेवावी. ढोरांच्या गोचीड-निर्मूलनाचं औषध त्याच फेरीत द्यावं. वाघाने मारलेल्या ढोराची भरपाई वेळेवर आली तर शेतकरी मढं जंगलातच राहू देतो, गावाकडे ओढून आणत नाही. तोही याच कामाचा भाग समजावा.

वेळ म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी. धान घरात आलेलं असतं, माणसं गावात असतात, पावसाळ्यानंतरची पिल्लं टोचण्याजोगी झालेली असतात. पहिली फेरी आमच्या गावात घ्यायची असेल तर कुत्री ओळखून धरणारी पोरं मी जमवतो, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली मी स्वतः बिनपगारी उभा राहतो. लस आणि बर्फाची पेटी तेवढी सकाळी सातच्या आत पोहोचावी.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया